परदेशी जावई: बातमीतला आणि घरातला

एखादा नट, खेळाडू किंवा राजघराण्यातलं कुणी वेगळ्या वंशाच्या माणसाशी लग्न करतं आणि दोन दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर तेच असतं. फोटोखाली एकीकडे बदामांचा पाऊस पडतो, दुसरीकडे वाचायला नको वाटावं असं काहीबाही लिहिलेलं असतं. मग लेख येतात. कुणी लिहितं, बघा जग किती पुढे गेलं. कुणी लिहितं, बघा द्वेष किती मुरलेला आहे. दोघांनीही पुरावे त्याच कमेंटच्या ढिगातून वेचलेले असतात.

जनमत मोजण्याच्या रीती आहेत आणि त्यांतल्या चुकाही आता बऱ्यापैकी माहीत आहेत. त्या नीट लावून पाहिल्या की एक गोष्ट देशोदेशी दिसते. लोक इतरांच्या लग्नाबद्दल बोलतात एक आणि स्वतःच्या घरात ठरवतात दुसरंच. प्रसिद्ध जोडप्याबद्दलची प्रतिक्रिया पहिल्या गोष्टीचा थोडाफार अंदाज देते. दुसरीचा जवळजवळ देत नाही.

आधी, आंतरवंशीय म्हणायचं कुणाला?

वंश म्हणजे माणसांचे निसर्गानेच पाडलेले कप्पे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हे कप्पे सरकारं, जनगणनेचे फॉर्म आणि समाजाच्या सवयी पाडतात, आणि ते बदलतही राहतात. अमेरिकेत १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला. त्याच अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांमध्ये मोजलं गेलं आणि १९८० पासून आशियाईंमध्ये. म्हणजे न्यू जर्सीतला एखादा कुलकर्णी आणि त्याची आयरिश वंशाची बायको १९७० च्या आकडेवारीत एकाच वंशाचे होते आणि दहा वर्षांनी, काहीही न करता, आंतरवंशीय झाले.

ब्राझीलची जनगणना रंगाचे पाच प्रकार विचारते आणि त्यांतला एक सरळ ‘मिश्र’ असतो. फ्रान्समध्ये सरकारी गणनेत वंश विचारलाच जात नाही, त्यामुळे तिथे आंतरवंशीय लग्नं किती, याचा अमेरिकेसारखा आकडा निघू शकत नाही. भारताची जनगणनाही वंश विचारत नाही. ‘जगातल्या अमुक देशांत अशी लग्नं सर्वांत जास्त’ अशी यादी समोर आली की तिची पहिली अडचण इथेच असते. प्रत्येक देशाने वेगळ्या मापाने मोजलेलं असतं.

तीन वेगळे प्रश्न

या विषयात तीन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. कायदा अशा लग्नाला परवानगी देतो का? दुसऱ्या कुणी केलं तर तुम्हाला चालतं का? तुमच्या घरात चालेल का?

अमेरिकेत तिन्हींची उत्तरं आकड्यांत सापडतात, म्हणून तिथून सुरुवात करू. व्हर्जिनियातल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. तो गोरा, ती कृष्णवर्णीय. गावी परतल्यावर त्यांना अटक झाली आणि एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली. राज्य सोडून जा, मग शिक्षा स्थगित, ही अट होती. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले. त्या दिवशी १६ राज्यांत ते लागू होते.

आता दुसरा प्रश्न. गॅलप ही संस्था १९५८ पासून विचारते आहे की काळ्या आणि गोऱ्यांमधलं लग्न तुम्हाला मान्य आहे का. १९५८ मध्ये ४ टक्के लोक हो म्हणाले. निकालानंतरच्या वर्षी, १९६८ मध्ये, २० टक्के. १९९१ मध्येही ४८ टक्केच. निम्म्याहून जास्त लोकांचा होकार १९९७ च्या पाहणीत पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो ६४ टक्के होता. २०२१ मध्ये ९४ टक्के. कायदा बदलल्यानंतर बहुमत व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली. अलाबामाच्या राज्यघटनेतली बंदीची मेलेली ओळ काढायला २००० साली मतदान घ्यावं लागलं, तेव्हाही सुमारे ४० टक्के मतदारांनी ती ओळ राहू द्या असंच मत दिलं.

तिसरा प्रश्न वेगळ्या पाहणीत विचारला जातो: तुमच्या जवळच्या नातेवाइकाने कृष्णवर्णीय व्यक्तीशी लग्न केलं तर विरोध कराल का? १९९० मध्ये कृष्णवर्णीय नसलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांनी विरोध करू असं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण १४ टक्क्यांवर आलं. घट मोठी आहे आणि खरी आहे. पण ‘लोकांनी केलं तर मान्य’ आणि ‘आमच्यात झालं तर विरोध’ हे आकडे शेजारी ठेवले की मधली फट डोळ्यांत भरते.

लोकलच्या डब्यात कुणी चढू नये, असं कुणाचंच म्हणणं नसतं. पण चौथ्या सीटसाठी सरकायची वेळ आपल्याच बाकावर आली की चेहरे बदलतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातला फरक साधारण तेवढाच आहे.

एमोरी बोगार्डस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात यासाठी एक पट्टी तयार केली. तिला ‘सामाजिक अंतर’ म्हणतात, म्हणजे एखाद्या गटाच्या माणसाला आपण किती जवळ येऊ देऊ त्याचं माप. पट्टीच्या पायऱ्या अशा: देशाबाहेरच ठेवू, पाहुणा म्हणून येऊ देऊ, नागरिक होऊ देऊ, कामाच्या ठिकाणी चालेल, शेजारी चालेल, मित्र चालेल, सोयरा चालेल. मराठी माणसाला ही पट्टी समजावून सांगायची गरज नाही. स्पर्शबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी हा क्रम आपल्या सुधारकांनी याच काळात मांडला होता, आणि बेटीबंदी सर्वांत शेवटी तुटते हेही त्यांना ठाऊक होतं. १९३६ मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सहभोजन पुरेसं नाही, जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे, असं स्पष्ट म्हटलं होतं.

मुंबईतला एक जुना नमुना

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातली फट किती जुनी आहे, हे आपल्याच शहरातल्या एका घराण्यात दिसतं. रतनजी दादाभॉय टाटा यांनी १९०२ मध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. जे. आर. डी. टाटा हे त्यांचे चिरंजीव. सुझान यांनी पारशी धर्म स्वीकारला, त्या ‘सूनी’ झाल्या, आणि मुंबईतल्या पारशी समाजात वादळ उठलं. बाहेरून आलेली, धर्म स्वीकारलेली व्यक्ती अग्यारीत जाऊ शकते का? डुंगरवाडीवर तिचा अंत्यविधी होऊ शकतो का? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निकाल दिला: धर्म स्वीकारलेल्या परक्यांना पारशी पंचायतीच्या त्या संस्थांवर हक्क नाही, पण वडील पारशी आणि आई परकी असेल तर रीतसर धर्मात घेतलेली मुलं पारशी.

वडील पारशी असतील तर. आई पारशी आणि वडील परके असतील तर काय, हा मुद्दा शंभर वर्षं धुमसत राहिला. परधर्मीयाशी लग्न केलेल्या पारशी स्त्रीच्या हक्काचं एक प्रकरण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेलं.

१९०८ च्या खटल्यात बाहेरून आलेल्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत सर दिनशॉ पेटिट होते. दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांची मुलगी रत्ती हिने अठरा वर्षं पूर्ण होताच महंमद अली जिनांशी लग्न केलं, तेव्हा याच पेटिटांनी त्याला कडाडून विरोध केला. जिना तिच्या दुपटीहून मोठे होते, त्यामुळे सगळा विरोध धर्मापायीच होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण गोष्ट तिथे थांबत नाही. १९३८ मध्ये जिनांची मुलगी दीना हिने पारशी घराण्यात जन्मलेल्या नेव्हिल वाडियांशी लग्न करायचं ठरवलं, आणि विरोध केला तो जिनांनी.

ही सगळी शिकलेली, श्रीमंत, काळाच्या पुढची माणसं होती. दुसऱ्या प्रश्नाला ती सहज ‘हो’ म्हणाली असती.

प्रसिद्धीमुळे नेमकं काय बदलतं?

एक, प्रसिद्ध माणसाला पैशाचं आणि ओळखीचं कवच असतं. भाड्याचं घर शोधताना ‘कुठल्या देशाचा?’ हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. दोन, त्याच्यावर इतरांची कमाई अवलंबून असते. ही दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे.

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या आचारसंहितेत काळ्या-गोऱ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती. ही बंदी १९५६ मध्ये निघाली. या वातावरणाचा फटका फक्त कृष्णवर्णीयांना बसला नाही. ॲना मे वाँग ही त्या काळातली नावाजलेली चिनी वंशाची अभिनेत्री. १९३७ च्या एका मोठ्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला मिळाली नाही, कारण शेतकऱ्याचं काम गोरा नट करत होता. मग बायकोही गोरीच घेतली आणि तिला रंगरंगोटी करून चिनी बनवलं.

कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियर याने स्वीडिश अभिनेत्री मे ब्रिटशी १९६० मध्ये लग्न ठरवलं. तारीख ऑक्टोबरची होती. सॅमी आणि त्याचा मित्र फ्रँक सिनात्रा दोघेही जॉन केनेडींच्या प्रचारात होते, आणि या लग्नामुळे दक्षिणेतली मतं जातील अशी भीती होती. लग्न निवडणुकीनंतर, नोव्हेंबरमध्ये झालं. केनेडी थोडक्यात जिंकले. जानेवारी १९६१ च्या शपथविधीच्या सोहळ्यातून सॅमीला, निमंत्रण दिल्यानंतर, वगळण्यात आलं. मे ब्रिटचं चित्रपटातलं काम जवळजवळ थांबलं. इथे निर्णय घेणारे लोक स्वतः वंशद्वेषी होते असं नाही. बाकीचे काय म्हणतील याचा हिशेब त्यांनी केला होता. प्रसिद्ध जोडप्यांच्या बाबतीत हा हिशेब कायम मध्ये येतो, आणि त्याला आपण भाबडेपणाने ‘जनमत’ म्हणतो.

सरकारही असाच हिशेब करतं. आजच्या बोट्स्वानातले टोळीप्रमुख सेरेत्से खामा यांनी १९४८ मध्ये लंडनमध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी लग्न केलं. त्यांच्या जमातीने आधी नाराजी दाखवली, सभा भरवल्या, वाद घातले, आणि १९४९ मध्ये मोठ्या बहुमताने दोघांना स्वीकारलं. अडचण लंडनची होती. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी मिश्र विवाहांवर बंदी आणली होती, आणि तिथलं सोनं आणि युरेनियम ब्रिटनला हवं होतं. ब्रिटिश सरकारने खामांना त्यांच्याच देशातून हद्दपार केलं. १९५६ मध्ये ते परत येऊ शकले आणि १९६६ मध्ये स्वतंत्र बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेतली बंदी १९८५ मध्ये उठली. साधे लोक मागासलेले आणि राज्यकर्ते पुढारलेले, हे गृहीतक इथे पार उलटं पडतं.

कोण कुणाशी? दिशेने उत्तर बदलतं

धर्मशास्त्रात अनुलोम आणि प्रतिलोम असे दोन शब्द आहेत. वरच्या मानलेल्या वर्णाचा पुरुष आणि खालची स्त्री हे अनुलोम, म्हणजे नाखुशीने का होईना, चालवून घेतलेलं. वरची स्त्री आणि खालचा पुरुष हे प्रतिलोम, निषिद्ध. १८८० मध्ये पंडिता रमाबाईंनी बंगालमधल्या ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा लोकांच्या संतापामागे हेच गणित होतं.

आंतरवंशीय जोडप्यांबद्दलच्या प्रतिक्रिया वाचताना हे गणित हाताशी ठेवा, फार उलगडा होतो. अमेरिकेत दक्षिणेच्या राज्यांत सर्वांत हिंसक विरोध काळा पुरुष आणि गोरी स्त्री या जोडीला झाला. उलट दिशेच्या संबंधांकडे पिढ्यान्‌पिढ्या कानाडोळा केला गेला. आजही दिशा आकड्यांत उमटते. अमेरिकेत २०१५ मध्ये लग्न झालेल्या आशियाई स्त्रियांपैकी ३६ टक्क्यांचे नवरे दुसऱ्या वंशाचे किंवा गटाचे होते, आशियाई पुरुषांत हे प्रमाण २१ टक्के. कृष्णवर्णीयांत उलटं: पुरुष २४ टक्के, स्त्रिया १२ टक्के.

आपल्याकडे दिशेच्या जोडीला रंग येतो. शशी कपूर आणि इंग्रज अभिनेत्री जेनिफर केंडल यांचं लग्न १९५८ चं. नाराजी जेनिफरच्या वडिलांची होती (त्यांच्या नाटक कंपनीची प्रमुख अभिनेत्रीही तीच होती, हेही ध्यानात घ्यावं). मुंबईने मात्र या जोडप्याला डोक्यावर घेतलं. १९७८ मध्ये दोघांनी उभारलेलं जुहूचं पृथ्वी थिएटर आजही शहराचं लाडकं आहे. प्रीती झिंटा, राधिका आपटे यांचे नवरे गोरे आहेत आणि त्यावर फारशी चर्चा होत नाही. नीना गुप्ता आणि वेस्ट इंडिजचे कृष्णवर्णीय क्रिकेटपटू व्हिव्हियन रिचर्ड्स यांच्या नात्याच्या वाट्याला हे आलं नाही. लग्न झालं नव्हतं हे एक कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. त्यांची मुलगी मसाबा हिने २०१७ मध्ये फटाक्यांवरच्या बंदीला पाठिंबा दिला. मुद्दा धुराचा होता; लोकांनी तिचा जन्म आणि तिचं वेस्ट इंडियन रक्त काढलं. तिने त्याला जाहीर पत्राने ताठ उत्तर दिलं.

‘परदेशी’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगवेगळे नियम लावतो. गोऱ्या परदेशी जावयाला एक, आफ्रिकी जावयाला दुसरा. हे मान्य केल्याशिवाय भारतातल्या जनमताबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

‘पण कमेंट तर बघा!’

कमेंट म्हणजे मतदान नव्हे. अमेरिकेत ९४ टक्के मान्यता असताना २०२४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा यांच्यावर भारतीय मुळावरून इतकी गरळ का ओकली गेली? साधं गणित करा. अमेरिकेत प्रौढ माणसं सुमारे २६ कोटी. उरलेले ६ टक्के, त्यात मत न देणारे धरूनही, दीड कोटी होतात. त्यांतल्या शंभरातल्या एकाने रोज एक ओळ लिहिली तरी दिवसाला दीड लाख ओळी. ज्यांना काही वावगं वाटत नाही ते फोटो पाहून पुढे जातात.

म्हणून कमेंट निरर्थक ठरत नाहीत. ज्याच्यावर त्या पडतात त्याला त्या लागतात. ब्रिटनमध्ये अशा लग्नावर कायद्याने कधीच बंदी नव्हती. तरी नोव्हेंबर २०१६ मध्ये राजपुत्र हॅरीच्या कार्यालयाला जाहीर निवेदन काढून मेगन मार्कलबद्दलच्या लेखांतल्या वांशिक सुराविरुद्ध बोलावं लागलं. मे २०१९ मध्ये त्यांच्या बाळाच्या जन्मानंतर चिंपांझीचं चित्र टाकणाऱ्या एका नामांकित निवेदकाची बीबीसीवरची नोकरी गेली. प्रियांका चोप्राच्या लग्नानंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, एका अमेरिकी संकेतस्थळाने तिला चक्क ठग ठरवणारा लेख छापला आणि टीका होताच तो मागे घेऊन माफी मागितली. लेख छापणाऱ्यांना आपण आंतरवंशीय लग्नाच्या विरोधात आहोत असं बहुधा वाटतही नसेल. पूर्वग्रह असाच येतो: ‘आमचा त्या लग्नाला विरोध नाही, फक्त तीच कशी संधिसाधू आहे ते सांगतोय.’

‘मग पाहण्यांवर तरी विश्वास ठेवायचा का?’

ठेवायचा, पण प्रश्न वाचून. २०१३ मध्ये एक रंगीत नकाशा जगभर फिरला. ‘शेजारी म्हणून कोण नको?’ या प्रश्नाला ‘वेगळ्या वंशाचे लोक’ असं उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण त्यात होतं. भारताचा आकडा ४३.५ टक्के, आणि लगेच ‘भारत जगातल्या सर्वांत वंशद्वेषी देशांत’ असे मथळे आले. त्याच नकाशात बांगलादेश आणि हाँगकाँग ७० टक्क्यांच्या वर होते. तपासल्यावर दिसलं की या दोन्ही ठिकाणी उत्तरांची नोंद उलटी झाली होती. ‘हो’चं ‘नाही’ आणि ‘नाही’चं ‘हो’. दुरुस्तीनंतर हाँगकाँग ३० टक्क्यांच्या आत आलं. मथळे मात्र लोकांच्या लक्षात राहिले.

दुसरा दोष म्हणजे शोभेसं उत्तर. समोर प्रश्नावली घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला लोक आपलं खरं मत सांगत नाहीत, चारचौघांत बरं दिसेल ते सांगतात. यावर एक सोपी युक्ती आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला चार गोष्टींची यादी द्यायची: पेट्रोलची दरवाढ, खड्डे असं काहीही. ‘यांतल्या किती गोष्टींचा राग येतो तो फक्त आकडा सांगा, कोणत्या ते सांगू नका.’ दुसऱ्या गटाला त्याच चार आणि वर पाचवी: ‘घरात वेगळ्या वंशाची सून किंवा जावई येणं’. पहिल्या गटाची सरासरी समजा २.१ आली आणि दुसऱ्याची २.४, तर ०.३ चा फरक त्या पाचव्या गोष्टीचा, म्हणजे सुमारे ३० टक्के लोकांना तिचा राग आहे. कुणा एकाचं मत कळत नाही, म्हणून लाजही आड येत नाही. यादीतल्या चारही गोष्टी सगळ्यांनाच चीड आणणाऱ्या निवडल्या तर युक्ती फसते, कारण मग ‘पाच’ म्हणणाऱ्याचं गुपित आपोआप उघड होतं. दोन्ही गट शेकड्यांनी मोठे हवेत, नाहीतर ०.३ चा फरक योगायोगानेही येऊ शकतो.

‘आपल्याकडे वंश नाही, जात आहे’

हा आक्षेप बऱ्याच अंशी बरोबर आहे. भारतात बेटीव्यवहाराचा पहारा जात आणि धर्म यांच्या वेशीवर असतो. प्यू या संस्थेने २०१९-२० मध्ये जवळजवळ ३० हजार भारतीयांना विचारलं तेव्हा ६४ टक्के लोक म्हणाले की आपल्या समाजातल्या स्त्रियांना दुसऱ्या जातीत लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे. पुरुषांबाबत ६२ टक्के. धर्माबाहेरच्या लग्नाबद्दल हिंदूंत स्त्रियांसाठी ६७ टक्के, मुसलमानांत ८०. म्हणून गोऱ्या सुनेचं कौतुक करणारं घर शेजारच्या जातीतल्या सुनेला नकार देतं, तेव्हा त्यात विसंगती नसते. परदेशी सून जातीच्या उतरंडीबाहेरची असते, तिच्यामुळे गावातल्या कुणाशी बरोबरी मान्य करावी लागत नाही.

जपानमध्ये पहारा आणखी एका ठिकाणी दिसतो, मुलांवर. २०१५ मध्ये आरियाना मियामोतो ‘मिस युनिव्हर्स जपान’ झाली. आई जपानी, वडील कृष्णवर्णीय अमेरिकी; ती जपानमध्येच वाढलेली. २०१६ मध्ये ‘मिस वर्ल्ड जपान’ झालेल्या प्रियांका योशिकावाचे वडील भारतीय. दोघींच्याही वेळी आक्षेप एकच होता: ही पुरेशी जपानी नाही. आईबापांच्या लग्नावर बोट ठेवणारे थोडे होते.

मुंबईत असं लग्न करायचं असेल तर

प्रसिद्ध नसलेल्यांना शेवटी कायद्याचाच आधार असतो, आणि तो आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात वंश, जात, धर्म, देश यांची अट नाही. वर २१ आणि वधू १८ वर्षांची हवी, आधीचं लग्न अस्तित्वात नको, दोघांचं जवळचं निषिद्ध नातं नको, आणि संमती देण्याची मानसिक क्षमता हवी.

दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, ज्या बाजूचा पत्ता त्या बाजूचं कार्यालय. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली की ती नोंदवहीत चढते आणि कार्यालयात दर्शनी जागी लागते. त्यानंतर ३० दिवस थांबायचं. या काळात कुणीही आक्षेप घेऊ शकतं, पण फक्त वर दिलेल्या अटींपैकी एखादी मोडते या कारणावरून. ‘मुलगा परदेशी आहे’, ‘आम्हाला पसंत नाही’ ही कायद्यात कारणंच नाहीत. आक्षेप आला तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. त्याने लग्नाला नकार दिला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. मग तीन साक्षीदारांसमोर घोषणापत्रावर सह्या, लग्न, आणि प्रमाणपत्र. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते आणि सगळं पहिल्यापासून.

घोळ होतो तो कागदांत. परदेशी जोडीदाराला लग्नास अडथळा नसल्याचा दाखला आपल्या दूतावासाकडून आणावा लागतो, आणि काही देशांत तो मिळायला आठवडे जातात. घटस्फोटिताला अंतिम हुकूमनामा लागतो. परदेशात निघालेल्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा शिक्का, मागितला जातो. पासपोर्टवरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव एका अक्षराने वेगळं असेल तरी अर्ज अडतो. म्हणून हॉलची तारीख ठरवण्याआधी कागद हातात घ्या. लग्न नोंदवून दोन वर्षं टिकलं की परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो; घटस्फोट झाला तर ते कार्ड रद्द होऊ शकतं.

एक कलम बहुतेकांना लग्नानंतर कळतं. अविभक्त कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं तर कलम १९ नुसार ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असं धरलं जातं, आणि पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोघेही या चार धर्मांपैकी असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने ही अट लागत नाही. ख्रिश्चन किंवा मुसलमान परदेशी जोडीदार असेल तर लागते. गावाकडे सामाईक जमीन असेल तर नोटीस देण्याआधी एकदा वकिलाला भेटून आपला हिस्सा कसा नोंदवायचा ते ठरवावं, आणि दोघांनी मृत्युपत्र करून ठेवावं.